औषधाची परीक्षा आणि रुग्णाचा वाटा

गजकर्ण हा तसा जुना, ओळखीचा आजार. घामाचे दिवस आले की जांघेत, कंबरेभोवती गोल चट्टे उठायचे आणि काही आठवडे औषध केले की जायचे. गेल्या दशकात मात्र चित्र पालटले. चट्टे अंगभर पसरू लागले, एकापाठोपाठ एक घरातल्या सगळ्यांना होऊ लागले, गोळ्या संपवूनही परत येऊ लागले. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे याला खतपाणी घालतात, हे त्वचारोगतज्ज्ञ कळवळून सांगत आले आहेत. पण समोर बसलेल्या रुग्णाला लिहून काय द्यायचे? हाताशी असलेल्या चार गोळ्यांपैकी आता नेमकी कोणती चालते?

बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी याचे उत्तर अंदाजावर सोडले नाही. त्यांनी २०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक औषध दिले. आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोल घेणारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. फ्लुकोनॅझोलच्या गटात हे प्रमाण ४२ टक्के, टर्बिनाफिनच्या २८ आणि ग्रिसिओफल्विनच्या अवघे १४ टक्के निघाले. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे भरवशाचे मानलेले टर्बिनाफिन इतके खाली घसरले होते आणि सगळ्यांत सरस ठरलेल्या औषधानेही दर तिघांपैकी एक जण आठ आठवड्यांत बरा झाला नव्हता. हे कळले ते त्या दोनशे जणांमुळे. आपल्या वाट्याला कोणती गोळी येईल हे त्यांच्या किंवा डॉक्टरांच्या पसंतीवर नव्हते.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे नेमके हेच. उपचाराचा हेतू तुम्ही बरे व्हावे हा असतो. चाचणीचा हेतू औषध चालते का, ते किती सुरक्षित आहे, हे कळावे हा असतो. दोन्ही हातात हात घालून जाऊ शकतात, पण दोन्ही एक नव्हेत. सोरायसिस, कोड, इसब, चाई अशा वर्षानुवर्षे पिच्छा न सोडणाऱ्या आजारांनी थकलेला माणूस ‘नवे औषध आले आहे’ एवढे ऐकूनच होकार देतो. म्हणूनच हा फरक त्याला आधी कळायला हवा. फरक समजून आत जाणारा खरा सहभागी असतो. न समजता जाणाऱ्याचा वापर होतो.

वापराचा इतिहास

असा वापर झालेला आहे, आणि तोही त्वचेच्याच संशोधनात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. तिथे १९५१ ते १९७४ या काळात त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांच्या अंगावर मलमे आणि रसायने वापरून पाहिली. चार पैशांसाठी कैदी पाठ पुढे करत. आपल्या अंगाला काय लावले जाते आहे, हे त्यांतल्या अनेकांना कुणी नीट सांगितलेही नव्हते. संमतीचे आजचे नियम अशा अनुभवांतून घडले आहेत. संमतीपत्रकाचा कंटाळवाणा वाटणारा एकेक परिच्छेद कुणाच्या तरी कातडीवर लिहिला गेला आहे, हे विसरता कामा नये.

शोधायचे कुठे?

भारतात चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे: ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’, म्हणजेच सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हायला हवी, असा नियम झाला. नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. आजाराचे इंग्रजी नाव घालून शोध घ्यायचा. घरात कुणी कॉलेजात जाणारे असेल तर त्याला शेजारी बसवावे.

एक नोंद उघडून पाहा. वर क्रमांक असतो: आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा. त्याखाली सामान्य वाचकासाठीचे शीर्षक, कोणत्या औषधाची तुलना कशाशी आहे ते, कोणाला घेणार आणि कोणाला नाही त्या अटी, चाचणी कोणकोणत्या रुग्णालयांत चालू आहे, नीतिसमितीची (चाचणीची नैतिकता तपासणाऱ्या मंडळाची) मान्यता मिळाली आहे का, आणि चौकशीसाठी कोणाला फोन करायचा. ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ या ओळीवर आधी नजर टाकावी. रुग्ण घेणे संपले असेल तर पुढचे वाचण्यात वेळ घालवू नये. वयाची अट, आजार किती पसरला आहे त्याची अट आणि गरोदरपणाबाबतची अट, या तीन चाळण्यांत बहुतेकांचा निकाल लागतो.

या यादीत फक्त मोठ्या कंपन्यांची नवी औषधे नसतात. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या चाचण्याही असतात. म्हणून नोंद सापडली म्हणजे औषध चांगले, असा अर्थ काढू नये. नोंद एवढेच सांगते की काम उघड्यावर चालले आहे. ती घेऊन आधी आपल्या नेहमीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही आहे. तिच्यात अनेक देशांतल्या चाचण्या सापडतात.

त्वचेची चाचणी वेगळी का?

रक्तदाबाचा आकडा यंत्र सांगते. त्वचेचा आजार मात्र डोळ्यांनी आणि बोटांनी मोजावा लागतो. सोरायसिससाठी ‘पासी’ नावाची मोजपट्टी आहे. डोके, हात, धड आणि पाय असे शरीराचे चार भाग करतात. प्रत्येक भागातली लाली, जाडी आणि खपल्या यांना गुण देतात, किती त्वचा व्यापली ते पाहतात आणि शून्य ते ७२ असा हिशेब मांडतात. रुग्णाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का, असे धरतात.

इथे आपल्या सहभागाचे मोल कळते. गोऱ्या त्वचेवर लालबुंद दिसणारा चट्टा सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि अनुभव नसलेला डोळा त्याला कमी गुण देतो. चाचण्यांत आपल्या रंगाची माणसे नसतील, तर औषध आपल्यावर कसे चालते हे कुणालाच नीट कळणार नाही.

मलमांच्या चाचणीत बऱ्याचदा एका गटाला औषध नसलेले, पण रंगरूपाने तसेच मलम मिळते. कारण नुसत्या स्निग्ध मलमानेही इसबाची खाज कमी होते. औषधाचा गुण त्याहून किती जास्त, हे पाहायचे असते. कोडावरच्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी दहांपैकी सुमारे तिघांच्या चेहऱ्यावरचे कोड ७५ टक्के किंवा अधिक भरून आले. औषध नसलेल्या मलमाच्या गटात हे प्रमाण दहांपैकी एकाच्या आसपास राहिले. कोडामुळे जिथे लग्ने मोडतात, तिथे या आकड्यांत आशा आहे. पण दहांपैकी सात जणांना तेवढा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

चाचणीत शिरण्याआधी चालू औषधे थांबवायला सांगतात. मलमे साधारण दोन आठवडे, गोळ्या चार आठवडे, काही इंजेक्शने त्याहूनही जास्त. या मधल्या काळात आजार उसळू शकतो. ज्याला चालू औषधाने बरे वाटते आहे, त्याने दहादा विचार करावा.

सही करण्याआधी

‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ हा आजचा कायदा आहे. त्यानुसार नीतिसमितीत निदान सात सदस्य हवेत, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूसही. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवे. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. नव्या औषधी रेणूंच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना चित्रीकरण करावे लागते. कुष्ठरोगाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाजाचे ध्वनिमुद्रण पुरते. ज्या आजारात चेहरा ओळखला गेला तर माणूस गावातून उठू शकतो, तिथे ही सवलत फार मोलाची आहे.

गंभीर त्रास झाला तर तो २४ तासांत डॉक्टरांनी वर कळवायचा असतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईचा हक्क. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

कागद घरी न्या, दोन दिवस ठेवा, घरच्यांबरोबर वाचा. मग विचारा: मला औषध नसलेले मलम मिळण्याची शक्यता किती? खाज असह्य झाली तर काय घेता येईल? बायॉप्सी किती वेळा? फोटोत चेहरा दिसेल का आणि ते फोटो कोण पाहील? प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाचे काय? चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल? ‘तुम्ही काळजी करू नका’ हे यांतल्या कशाचेच उत्तर नव्हे. चाचणीच्या औषधासाठी पैसे मागणारा, खात्रीने बरे करण्याचे वचन देणारा किंवा नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ करणारा भेटला, तर तिथूनच मागे फिरावे.

आणि आत गेलात, तर शेवटचा हक्क वसूल केल्याशिवाय थांबू नका. चाचणी संपली की निष्कर्ष काय निघाला, तो कुठे छापला, माझ्या गटाला काय दिले होते, हे संशोधकांना विचारा. निष्कर्ष औषधाच्या विरोधात गेला असला तरी विचारा; तो दडपला गेला तर पुढचा रुग्ण त्याच चुकीच्या औषधावर पैसे आणि महिने घालवील. तुमच्या त्वचेवर जे शिकले गेले, ते तुम्हाला आणि तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला कळायलाच हवे.