‘हो’ कोणाचं, सही कोणाची?

अमेरिकेतलं एम.एस. : भाग ६

माझ्या दुसऱ्या सत्रातली गोष्ट. तीन विषय घेतले होते, त्यातला एक झेपेना. दोन रात्री जागून गृहपाठ अर्धाच झाला, तेव्हा मी सरळ प्राध्यापकांना गाठलं. भला माणूस. माझा चेहरा बघूनच म्हणाले, “आत्ता सोड, पुढच्या वर्षी घे.” त्याच संध्याकाळी मी संगणकावर तो विषय काढून टाकला आणि शांत झोपले. नऊ क्रेडिटची सहा झाली, याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. दोन दिवसांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची मेल आली: ताबडतोब भेटा. विषय परत घ्यायची मुदत संपायला एक दिवस होता म्हणून निभावलं.

प्राध्यापक चुकीचं काहीच बोलले नव्हते. त्यांनी अभ्यासाबद्दलचं मत दिलं, मी ती परवानगी समजले. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ नोंदणी ठेवावीच लागते. एम.एस.साठी ती बहुतेक विद्यापीठांत सत्राला नऊ क्रेडिट असते. ती काही कारणांसाठी कमी करता येते, पण मंजुरी विषय सोडण्याच्या आधी घ्यावी लागते, आणि ती देण्याचा अधिकार ‘डीएसओ’ला, म्हणजे व्हिसाच्या नोंदी पाहण्यासाठी विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो. प्राध्यापकाला नाही, विभागप्रमुखालाही नाही.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एचओडींची सही झाली की पुढची दारं आपोआप उघडतात. तिथे अधिकार वाटलेले असतात. कुठला विषय घ्यावा, प्रबंध करावा की नुसते विषय पुरे, हे तुमचा अ‍ॅडव्हायझर सांगेल. एका विषयाऐवजी दुसरा चालेल का, हा निर्णय विभागाच्या पदव्युत्तर समितीचा किंवा तिच्या संचालकाचा. पदवीचा अर्ज, प्रबंध सादर करायच्या तारखा, दुसरीकडची क्रेडिट किती धरायची, हे ग्रॅज्युएट स्कूलचं क्षेत्र. पदवीच्या अर्जाची तारीख शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच येऊन जाते आणि दरवर्षी कोणीतरी ती चुकवतं.

या सगळ्यांना जोडणारी व्यक्ती म्हणजे ग्रॅज्युएट प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर. ती प्राध्यापक नसते, नावापुढे डॉक्टर नसतं, म्हणून आपली मुलं तिला कारकून समजतात आणि दोन ओळींची तुटक मेल टाकतात. मला हे फार खटकतं. विभागात वर्षानुवर्षं बसलेल्या या बाईला किंवा बुवाला कुठला फॉर्म कोणाच्या टेबलावर अडकतो हे पाठ असतं. तिला लिहाल तेव्हा पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कार्यक्रम, कोणत्या सत्रात दाखल झालात, हे पहिल्याच ओळीत द्या. मग एकच प्रश्न, आणि त्याबद्दलचा नियम हँडबुकात जिथे वाचलात त्या पानाचा उल्लेख. उत्तर मेलवरच मागा. बोलणं समोरासमोर झालं असेल, तर घरी येऊन “आपण असं ठरवलं, बरोबर ना?” अशी मेल पाठवा. हा अविश्वास नाही. तिथली माणसंसुद्धा एकमेकांत असंच वागतात.

हँडबुकावरून आठवलं. ते दरवर्षी बदलतं, आणि साधारणपणे तुम्हाला तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचे नियम लागू होतात. तेव्हा ती प्रत पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवा. वरच्या वर्गातला दादा सांगतो ते त्याच्या वर्षाचं असतं. सरासरीचा नियमही तिथेच सापडेल. आपल्याला चाळीस गुणांना पास व्हायची सवय. तिथे ‘सी’ मिळाला तर तो विषय एखादवेळी सुटेलही, पण ४ पैकी ३ ची सरासरी बहुतेक ठिकाणी राखावी लागते आणि एक ‘सी’ ती खाली ओढतो.

डीएसओकडे परत येते, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. उन्हाळी इंटर्नशिपचं ऑफर लेटर हातात आलं म्हणजे कामावर जाता येत नाही. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी, म्हणजे सीपीटी, तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर, छापून यावी लागते. त्यावरच्या तारखेच्या एक दिवस आधी काम केलं तरी ते विनापरवाना ठरतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली, की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, गेली. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. पण डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवा. ही ३० दिवसांची अट अनेकांच्या लक्षातच येत नाही. आणि घर बदललं, तर नवा पत्ता १० दिवसांत कळवायचा.

गाईडशीच बिनसलं तर? बऱ्याच विद्यापीठांत ‘ओंबड्स’ कार्यालय असतं. निकाल देण्याचे अधिकार त्याला नसतात, पण तिथे बोललेलं सहसा गोपनीय राहतं आणि पुढे कोणत्या वाटा आहेत ते कळतं. तक्रार नोंदवण्याआधी तिथे जा. ऐकून घेणारं माणूस मिळणं हीच त्या दिवसांत मोठी गोष्ट असते.

आता आई-बाबांसाठी. फी तुम्ही भरत असाल, तरी मुलाचे गुण विचारायला फोन केलात तर कार्यालय सहसा काही सांगणार नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा आहे. तुम्हाला माहिती मिळावी असं दोघांनाही वाटत असेल, तर मुलाने लेखी संमती द्यायची. तोवर त्याच्या आय-२० ची प्रत आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा तातडीचा नंबर घरात असू द्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नंबराशेजारी ही वेळही लिहून ठेवा.