टिंबाशेजारचे शून्य पुसू नका
(इयत्ता चौथी)

दशांश अपूर्णांक हा धडा पाचवीच्या पुस्तकात आहे. मी तर अजून चौथीत आहे. मग मी तो आत्ताच कसा शिकलो? आधी मी तो माझ्या मनानेच चुकीचा शिकलो, आणि मग गुरुजींकडून बरोबर शिकलो. चुकीचा शिकलो त्याची किंमत झाली ८१ रुपये. तुमची अशी चूक होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझी दुधाची वही

आमच्या घरी एक म्हैस आहे. तिचे नाव गंगी. संध्याकाळचे दूध घरी राहते आणि सकाळचे दूध आई गावातल्या डेअरीला घालते. दूध मापले की यंत्रातून एक चिठ्ठी निघते. तिच्यावर तारीख, लिटर, फॅट, दर आणि रक्कम असते. पण त्या चिठ्ठीची शाई थोड्या दिवसांनी उडून जाते आणि कोरा कागद राहतो. म्हणून आई मला म्हणाली, "तू शाळेत जातोस न्हवं? मग रोजचा आकडा वहीत उतरून ठेव." आईला वाचता येत नाही.

मी वही केली. वर "श्री" लिहिले आणि पट्टीने रेघा मारल्या. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर ४.२०० लिटर असे होते. मला वाटले, एवढी शून्ये कशाला लिहायची? म्हणून मी ४.२ लिहिले. दुसऱ्या दिवशी ४.०५० लिटर आले. मी त्यातलीही शून्ये काढून टाकली आणि ४.५ लिहिले. पहिलीत बाईंनी आम्हाला शिकवले होते की ०५ लिहा नाहीतर ५ लिहा, दोन्ही एकच, डावीकडच्या शून्याला किंमत नसते. म्हणून मी बिनधास्त होतो. पुढे आणखी एकदा ४.०५० आले, त्याचेही मी ४.५ केले. एकदा ४.०८० आले, त्याचे ४.८ केले.

दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते. दर फॅटप्रमाणे थोडा बदलतो, पण हिशोब सोपा व्हावा म्हणून येथे रोजचा दर ५० रुपये धरा. मी काकांच्या मोबाइलवर बेरीज केली. दूध झाले ४३.५ लिटर आणि पैसे झाले २१७५ रुपये. आईला सांगितले. आई म्हणाली, "पेंडीचं पोतं आणू, आणि उरलं तर तुला कंपासपेटी."

बिल आले २०९४ रुपये.

आई रांगेत सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भाऊ, ८१ रुपये कमी हाईत. माझ्या पोरानं हिशोब केलाय." डेअरीतले भाऊ म्हणाले, "वहिनी, वही बघू." त्यांनी माझी वही आणि त्यांचा संगणक शेजारी शेजारी ठेवला. तीन तारखांवर बोट ठेवले. म्हणाले, "ह्या तिन्ही दिवशी पोरानं शून्य खाल्लंय." रांगेतली माणसे हसली. एक जण म्हणाला, "शून्य खाऊन पोट भरतं व्हय?"

वाटेत आई काहीच बोलली नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "मला आकडं कळत न्हाईत, पण लोकांची तोंडं कळत्यात." मला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

गुरुजींनी काय सांगितले

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गुरुजींकडे गेलो. वाटले, आता मार बसणार. पण गुरुजींनी वही बघितली आणि म्हणाले, "चूक चांगली आहे. सगळ्या वर्गाच्या कामाची आहे." त्यांनी फळ्यावर घरे काढली.

आपल्याला एकक, दशक, शतक माहीत आहेत. दहा सुट्या काड्या बांधल्या की एक दशक होतो. दहा दशक बांधले की एक शतक होतो. म्हणजे डावीकडे एक घर सरकले की किंमत दहापट होते. गुरुजींनी सांगितले की स्थानाप्रमाणे किंमत दहापट होत जाते हे आर्यभटाने आपल्या आर्यभटीय या ग्रंथात इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

मग गुरुजींनी विचारले, "एककाच्या उजवीकडे गेलो तर?" कुणालाच सांगता आले नाही. गुरुजींनी हातातल्या एका काडीचे सारखे दहा तुकडे करायला लावले. त्यातला एक तुकडा म्हणजे दशांश, म्हणजे दहावा अंश. त्या तुकड्याचे पुन्हा दहा तुकडे केले तर एक बारीक तुकडा म्हणजे शतांश, कारण तसे शंभर तुकडे मिळून एक काडी होते. त्याचेही दहा केले तर सहस्रांश. (ते आमच्या बोटांनी झाले नाही. काडीचा भुगा झाला.) म्हणजे उजवीकडे एक घर सरकले की किंमत दहावा हिस्सा होते.

मग मधले टिंब कशासाठी? ते शेताच्या बांधासारखे आहे. टिंबाच्या डावीकडे पूर्ण वस्तू, उजवीकडे तुकडे. त्याला दशांश चिन्ह म्हणतात.

आता माझे आकडे घरात बसवून बघा.

४.२ : एकक ४, दशांश २
४.०५ : एकक ४, दशांश ०, शतांश ५
४.५ : एकक ४, दशांश ५

४.०५ मध्ये शून्य सांगते की दशांशाचे घर रिकामे आहे. मी ते शून्य पुसले तेव्हा ५ घसरून शतांशाच्या घरातून दशांशाच्या घरात आला. त्याची किंमत लगेच दहापट झाली. दूध मात्र तेवढेच होते.

शून्य केव्हा पुसायचे?

हे या लेखातले सर्वात महत्त्वाचे आहे. ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे.

१) पूर्ण संख्येत डावीकडचे शून्य पुसले तर चालते. ०५ म्हणजे ५.
२) पूर्ण संख्येत उजवीकडचे शून्य पुसले तर चालत नाही. ५० चे ५ होतात.
३) टिंबानंतर अगदी शेवटचे शून्य पुसले तर चालते. ४.५० म्हणजे ४.५. आणि ४.२०० म्हणजे ४.२.
४) टिंबाशेजारचे शून्य, ज्याच्या पुढे आणखी अंक आहे, ते पुसले तर चालत नाही. ४.०५ म्हणजे ४.५ नव्हे.

म्हणजे टिंबाच्या पलीकडे नियम उलटा होतो. मी अलीकडचा नियम पलीकडे नेला, म्हणून फसलो. गुरुजी म्हणाले, "नियम पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचार. शून्य पुसल्यावर बाकीचे अंक आपल्याच घरात राहतात का? राहत असतील तर पूस. घर बदलत असेल तर हात लावू नकोस."

व्हरांड्यात मापले

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात मीटरपट्टी घेऊन भिंतीपासून ४ मीटरवर खडूची रेघ मारली. १ मीटरचे १०० सेंटिमीटर. ०.०५ मीटर म्हणजे ५ सेंटिमीटर. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर. म्हणून ४.०५ ची रेघ चारच्या रेघेला जवळजवळ चिकटून आली आणि ४.५ ची रेघ लांब गेली. त्या दोन रेघांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर होते. त्यात माझी दोन पावले एकापुढे एक मावली आणि वर थोडी जागा उरली. मला माझी चूक पायाखाली दिसली.

आईला दाखवले

आईलाही समजावे असे मला वाटले. खोकल्याच्या औषधाचे मापाचे टोपण असते, त्यावर १० मिलीची खूण असते. १ लिटर म्हणजे १००० मिली. म्हणून ०.०५ लिटर म्हणजे ५० मिली, म्हणजे पाच टोपणे. मी पातेल्यात पाच टोपणे पाणी ओतले. नुसता तळ ओला झाला. मग दुसऱ्या पातेल्यात अर्ध्या लिटरचे माप भरून ओतले. ते ०.५ लिटर, म्हणजे पन्नास टोपणे. आई दोन्ही पातेल्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढ्याचं तू तेवढं केलंस व्हय रं!" आणि मग ती हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा हसली.

आबांचे नाणे

आबा, म्हणजे माझे आजोबा, हे बघत बसले होते. आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळी पाठ आहे. त्यांनी माझी परीक्षा घेतली. सव्वाचार कसे लिहिशील? ४.२५. साडेचार? ४.५. पावणेपाच? ४.७५. आबा म्हणाले, "शाब्बास! आणि तुझ्या त्या ४.०५ ला आमच्या पाढ्यात शब्दच न्हाई." म्हणून तिथे घरे आणि टिंबच लागते.

आबांच्या लहानपणी रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. आबा तेव्हा माझ्याएवढे होते. १९६४ साली "नया" शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. चार आणे म्हणजे २५ पैसे आणि आठ आणे म्हणजे ५० पैसे, असे आबा अजून बोलतात.

आबांनी पत्र्याच्या डब्यातून दोन नाणी काढली. एक चौकोनी, हलके, अॅल्युमिनियमचे ५ पैशांचे. दुसरे ५० पैशांचे. ५ पैसे म्हणजे ०.०५ रुपया आणि ५० पैसे म्हणजे ०.५० रुपया. आबा म्हणाले, "हे दोन सारखं मानणारा माणूस आमच्या वेळी बाजारात टिकला नसता." २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली बंद झाली. आम्ही मुलांनी ती कधी खर्चच केली नाहीत. म्हणून आम्हाला ०.०५ डोळ्यांसमोर दिसत नाही असे मला वाटते.

बेरीज आणि लहानमोठेपणा

बेरीज करताना टिंबाखाली टिंब आले पाहिजे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने ४.२ आणि ४.०५ यांची बेरीज अंकाखाली अंक उजवीकडून मांडून केली. उत्तर आले ४.४७. गुरुजी म्हणाले, "एका दिवसाचे दूध चार लिटरच्या वर आहे, मग दोन दिवसांचे साडेचारसुद्धा नाही? म्हशीला विचार!" वर्ग हसला. बरोबर मांडणी अशी. ४.२ ला शेवटी शून्य देऊन ४.२० करायचे, त्याखाली ४.०५. बेरीज ८.२५. उत्तर आल्यावर ते शक्य आहे का हे आधी मनात बघावे.

दुसरी चूक अशी की ४.२५ हे ४.३ पेक्षा मोठे वाटते, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे आहेत. पण ४.३ म्हणजे ४.३०. आता २५ आणि ३० बघा. म्हणजे ४.३ मोठे.

मग मी दहा दिवसांची बेरीज हाताने पुन्हा केली.

४.२०, ४.०५, ४.३०, ४.१०, ४.०५, ४.२५, ४.४०, ४.०८, ४.१५, ४.३०

एकूण ४१.८८ लिटर. ५० ने गुणायला सोपी युक्ती आहे. आधी १०० ने गुणा, म्हणजे सगळे अंक दोन घरे डावीकडे सरकतात आणि ४१८८ होतात. त्याचे निम्मे केले की २०९४. डेअरीचे बरोबर निघाले. मी गुरुजींबरोबर जाऊन डेअरीतल्या भाऊंना तसे सांगितले. ते म्हणाले, "रोज चिठ्ठी ताडून बघत जा. आमचीबी चूक होऊ शकती." पुढच्या बिलाला माझी वही आणि त्यांचा कागद तंतोतंत जुळला. आता शेजारच्या दोन काकू त्यांच्याही चिठ्ठ्या माझ्याकडे देतात. कंपासपेटी अजून आलेली नाही, पण वही चालू आहे.

तुम्ही सोडवा

१) ३.०७ मध्ये ७ कोणत्या घरात आहे?
२) ६.५०, ६.०५, ६.५ यांतील कोणते दोन सारखे?
३) लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा : २.४, २.०४, २.३९
४) ५.३ + २.०८ = किती?
५) पावणेतीन लिटर दूध टिंब वापरून कसे लिहाल?

उत्तरे आमच्या वर्गाच्या दारामागे चिकटवली आहेत. आधी सोडवा, मगच दार लोटा.

चूक भूल द्यावी घ्यावी.