पंधरा दिवसांचे मिशनरी

सुट्टी कशासाठी असते, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण एका सुरात सांगतील, 'विश्रांतीसाठी!' कोणी महाबळेश्वर गाठतो, कोणी आजोळ, तर कोणी घरीच चार दिवस मनसोक्त लोळतो. पण सुट्टी घ्यायची, विमानाचे भाडे पदरचे भरायचे आणि परमुलखात जाऊन दिवसभर घाम गाळायचा, असा बेत कोणी सांगितला तर आपण त्याच्या प्रकृतीची चौकशी करू! आणि तरीही एकट्या अमेरिकेतून दरसाल लाखो माणसे असा बेत करून घराबाहेर पडतात. चर्चमधली मंडळी एकत्र जमतात, वर्गणी काढतात आणि एक-दोन आठवड्यांसाठी दूरदेशी सेवेला जातात. कोणी शाळा रंगवतो, कोणी विहीर खणतो, कोणी दवाखान्यात हातभार लावतो. हे अल्पमुदतीचे मिशनरी!

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते मिरजेचे डॉक्टर वॉनलेस. १८८९ साली ते या देशात आले आणि १९२८ पर्यंत इथेच राहिले. मिरजेच्या इस्पितळाचे नाव त्यांनी दूरवर पोहोचवले. त्या काळी बोटीच्या प्रवासातच कित्येक आठवडे जात. पंधरा दिवसांसाठी येणार कोण? पुढे विमाने आली, भाडी आवाक्यात आली आणि जन्मभराच्या सेवेला ही सुट्टीतली धाकटी बहीण मिळाली.

पण या धाकटीच्या हातून खरोखर किती काम होते?

हा प्रश्न एका ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञानेच विचारला, हे विशेष. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाला १९९८ साली 'मिच' नावाच्या वादळाने झोडपून काढले. हजारो घरे वाहून गेली. ती पुन्हा उभारण्यासाठी परदेशांतून स्वयंसेवकांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या. त्याच देशात वास्तव्य असलेल्या कुर्ट व्हेर बीक यांनी नंतर हिशेब मांडला. स्थानिक संस्थेला एक घर सुमारे दोन हजार डॉलरांत बांधता येत होते. पाहुण्यांनी बांधलेले घर, त्यांच्या प्रवासखर्चासकट, तीस हजार डॉलरांना पडले होते! म्हणजे एका घराच्या पैशांत पंधरा घरे. बरे, घरात राहणाऱ्यांना घर पाहुण्यांनी बांधले की गावच्या गवंड्याने, याने फारसा फरक पडला नव्हता. पाहुणे आले, हसले-बोलले, याचा त्यांना आनंद झाला होता. पण त्या पैशांत आणखी घरे झाली असती तर बरे, असेही काहींनी सांगितले.

आणि पाहुण्यांचे काय? 'या प्रवासाने माझे जीवन बदलले,' असे त्यांतले पुष्कळजण सांगत. पण परतल्यावर त्यांनी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पूर्वीपेक्षा फारसा फरक दिसला नाही. आपण नाही का, तीर्थयात्रेहून आल्यावर आठ दिवस कोणावर रागावत नाही, आणि नवव्या दिवशी दूधवाल्याशी भांडतो? तशातलीच गत!

मग हा सारा खटाटोप व्यर्थच म्हणायचा काय? तसा निकाल देण्यापूर्वी एका बोटीची हकीकत ऐका.

आपल्या घरातील आजी-आजोबांना 'व्हिक्टोरिया' हे नाव कदाचित आठवेल. १९५३ साली बांधलेली ही देखणी इटालियन बोट इटलीहून कराची, मुंबई, कोलंबो करीत हाँगकाँगपर्यंत जाई. मुंबई बंदरात कोणा कोणाला तिने निरोपाचे रुमाल हलवायला लावले असतील! पुढे विमानांनी तिचे उतारू पळवले आणि ती भंगारात जायची वेळ आली. १९७८ साली डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या ख्रिस्ती दांपत्याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'मर्सी शिप्स' या संस्थेने ती विकत घेतली, तिच्यात शस्त्रक्रियागृहे बसवली आणि तिचे नाव ठेवले 'अनास्तासिस', म्हणजे ग्रीक भाषेत पुनरुत्थान. ज्या विमानांनी तिचा धंदा बुडवला, तीच विमाने आता तिच्यासाठी डॉक्टर घेऊन येऊ लागली!

ही बोट आणि तिच्यामागून आलेल्या बोटी आफ्रिकेतील सरकारांच्या निमंत्रणावरून तिथल्या बंदरांत महिनोन् महिने मुक्काम करीत आल्या आहेत. २०२३ पासून रुग्णसेवेत असलेल्या 'ग्लोबल मर्सी' या नव्या बोटीवर सहा शस्त्रक्रियागृहे आहेत. वीज आपली, पाणी आपले, औषधे आपली. रुग्णाकडून शस्त्रक्रियेचा पैसा घेत नाहीत; आणि स्वयंसेवक मात्र कित्येक वर्षे स्वतःच्या जेवणाराहण्याचा खर्च भरत. डॉक्टर-परिचारिका असतात, तसेच आचारी, वीजतंत्री आणि फरशी पुसणारेही असतात. कोणी दोन-तीन आठवडे राहतो, कोणी काही महिने, कोणी वर्षेच्या वर्षे.

इथे येणारे रुग्ण पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. जबड्यात एक प्रकारची गाठ होते. ती कर्करोगाची नसते, पण वाढत वाढत डोक्याएवढी होते; अन्न गिळवत नाही, अखेर श्वासही कोंडतो. सुरुवातीलाच काढली तर फारसे काही नाही. पण जवळपास शल्यविशारदच नसेल तर? शेजारीपाजारी म्हणतात, चेटूक आहे. आणि माणूस तोंडावर फडके बांधून कोपऱ्यात दिवस काढतो. अशा माणसापाशी दोन आठवड्यांसाठी आलेला शल्यविशारद गवंड्याची रोजी हिरावून घेत नाही. जे तिथे नव्हतेच, ते तो आणतो.

एक गोष्ट तर मला विलक्षण वाटली. बोटीवर मोठी रक्तपेढी नसते. रक्त लागले की त्या गटाच्या कर्मचाऱ्याला बोलावतात. सकाळी पाव भाजणारा माणूस दुपारी बाहीवर सारून रक्त देतो, आणि संध्याकाळी पुन्हा भटारखान्यात हजर!

'पण यात धर्मप्रसार असणारच ना?' असे आपल्या मनात येईल. ही माणसे श्रद्धेने आलेली असतात, बोटीवर प्रार्थना होते, हे ती लपवीत नाहीत. पण उपचाराला धर्माची अट नाही. सेनेगलसारख्या बहुसंख्य मुसलमानांच्या देशानेही या बोटीला आपल्या बंदरात जागा दिली, ती उगीच नव्हे.

शल्यविशारद डॉ. गॅरी पार्कर १९८० च्या दशकात 'अनास्तासिस'वर काही महिन्यांसाठी आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ राहिले! त्यांचे लग्न बोटीवरच्या सहकारिणीशी झाले, मुलेही बोटीवरच वाढली. अर्थात असे पार्कर थोडे. बाकीच्यांना परतावेच लागते, म्हणून मागे काय उरते ते महत्त्वाचे. टोगो देशातील नेत्रवैद्य डॉ. वोडोमे बोटीच्या शल्यविशारदाकडून मोतीबिंदूची कमी खर्चाची शस्त्रक्रिया शिकले, आणि पुढे ते स्वतः इतर आफ्रिकी डॉक्टरांना शिकवू लागले. पाहुणा गेला तरी विद्या घरात राहिली!

दिवाळीच्या सुट्टीत आपणही कधी एखाद्या पाड्यावर फराळ-कपडे घेऊन जातो, मुलांबरोबर छायाचित्रे काढतो आणि समाधानाने परततो. जाऊ नये असे नाही. पण निघण्यापूर्वी तिथल्या कोणाला तरी विचारावे: 'बाबांनो, तुम्हांला काय हवे आहे?' उत्तर कदाचित 'तुम्ही या' असे येईल. कदाचित 'तुमच्या मोटारीच्या पेट्रोलचे पैसे शाळेच्या छपराला द्या' असेही येईल. दोन्ही ऐकण्याची तयारी हवी.

'अनास्तासिस'चे पुढे काय झाले? २००७ साली ती पुन्हा भारताच्या किनाऱ्याला लागली. या वेळी मुंबईला नव्हे, गुजरातेत अलंगला, मोडीत निघण्यासाठी. चोपन्न वर्षांची झाली होती बिचारी. पण त्यापूर्वी तिच्यावर जबड्याची गाठ उतरवून घेतलेली कितीतरी माणसे तोंडावरचे फडके सोडून आपापल्या गावी पोहोचली होती.