तुणतुण्याला चिमटा

भंडारा जिल्ह्यात खडी गंमत रंगात आली की ढोलकीपुढे तुणतुण्याची एकुलती तार दबते. मायक्रोफोन जवळ नेला, तर तो ढोलकीही उचलतो आणि आवाज वाढवताच कर्णा शिट्टी मारतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे चिमट्याचा पिकअप. त्यात दाबविद्युत चकती असते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. चिमटा मुख्यतः लाकडाची थरथर टिपतो, हवेतील आवाज फारसा नाही. म्हणून शिट्टी कमी होते. मात्र अ‍ॅम्प्लिफायरचा आदानरोध सुमारे दहा लाख ओहम हवा; तो कमी असल्यास खर्ज गळतो. चिमटा आधी लाकडी नळ्याच्या काठाला, मग दांडीला लावा. नाद का बदलला? मुलांनाच विचारा.