रेडिएटर बदलताना : कंपनीचा की संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा?

मार्च महिना उलटला की रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांपुढे गाड्यांची गर्दी वाढू लागते. हिवाळाभर कुरकुर न करता धावलेली गाडी बोरघाटाच्या चढणीवर किंवा सायंकाळच्या कोंडीत अचानक तापते, बॉनेटखालून वाफ येते आणि मेकॅनिक निदान करतो, ‘रेडिएटर गेला.’ त्यानंतर मालकापुढे पर्याय ठेवले जातात. कंपनीचा मूळ रेडिएटर, त्याच साच्यातला बाजारातला रेडिएटर, आणि ‘संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, पुन्हा बघावे लागणार नाही,’ असे सांगून सुचविला जाणारा तिसरा. या तिसऱ्या पर्यायाचे आकर्षण अलीकडे बरेच वाढले आहे. त्याची किंमत नेहमीच्या रेडिएटरच्या कित्येक पट असू शकते आणि चुकीची निवड केवळ खिशाला नव्हे, तर इंजिनलाही महागात पडू शकते. म्हणूनच निर्णयापूर्वी या दोहोंत नेमका फरक काय, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

पहिली गोष्ट म्हणजे, कंपनीचा रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. आजच्या बहुतेक मोटारींच्या रेडिएटरचा गाभा, म्हणजे ज्या चपट्या नळ्यांतून गरम कूलंट वाहतो त्या नळ्या आणि त्यांच्यामधील पातळ पत्र्याच्या चुण्या, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. वेगळ्या असतात त्या दोन बाजूंच्या टाक्या. त्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि रबरी गॅस्केट घालून, पत्र्याच्या कडा दुमडून गाभ्यावर बसविलेल्या असतात. ‘संपूर्ण अ‍ॅल्युमिनियम’ म्हणजे या टाक्याही अ‍ॅल्युमिनियमच्या आणि वेल्डिंगने जोडलेल्या. तेव्हा वाद आहे तो मुख्यतः टाक्यांचा आणि त्यांच्या सांध्याचा.

जुन्या पिढीला आठवत असेल, प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. ते गळू लागले की कारागीर टाकी उकलायचा, नळ्यांतून सळई घालून गाळ काढायचा आणि डाख लावून पुन्हा जोडून द्यायचा. एकच रेडिएटर अनेक वर्षे असा चालत असे. १९७० च्या दशकापासून युरोपातील कारखानदार अ‍ॅल्युमिनियमकडे वळू लागले आणि यथावकाश साऱ्या जगाने तीच वाट धरली. यात एक विरोधाभास दिसतो. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एकक, तर अ‍ॅल्युमिनियमची २३५ च्या आसपास. मग कमी उष्णता वाहून नेणारा धातू का निवडला? अ‍ॅल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने नळ्या रुंद ठेवूनही वजन आटोक्यात राहते. शिवाय डाख हा स्वतः उष्णतेचा मंद वाहक. भट्टीत एकसंध जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यात तो अडथळा उरत नाही. स्वस्ताई हे कारण तर होतेच.

परंतु खरी गोम धातूत नाही. गरम चहा बशीत ओतून फुंकर घातली की लवकर निवतो. बशी स्टीलची आहे की पितळेची, याने फारसा फरक पडत नाही. रेडिएटरचेही तसेच आहे. कूलंटमधील उष्णता धातूत सहज उतरते. अडते ती धातूतून हवेत जाताना. म्हणून चुण्या किती दाट आहेत, समोरचे क्षेत्रफळ किती आहे आणि पंखा किती हवा ओढतो, यावर सारे अवलंबून असते. जाड गाभ्याच्या रेडिएटरची जाहिरात करताना हा मुद्दा सोयीस्करपणे वगळला जातो. गाभा दुप्पट जाड केला म्हणून थंडावा दुप्पट होत नाही, कारण मागील ओळीपर्यंत पोहोचणारी हवा पुढील ओळीने आधीच तापविलेली असते. त्यातच जाड गाभ्यातून हवा ढकलणेही कठीण. महामार्गावर वेगामुळे हवा आपोआप मिळते. दादर किंवा हडपसरच्या कोंडीत ती केवळ पंख्याकडूनच मिळते. शहरातल्या गाडीत जाड रेडिएटर घालून पंखा जुनाच ठेवला, तर पैसे खर्चूनही पदरी निराशा येण्याचा संभव अधिक.

दुसरे असे, की इंजिनचे तापमान ठरवितो तो थर्मोस्टॅट. साधारणतः ८२ ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान तो उघडू लागतो आणि तोवर कूलंट रेडिएटरकडे जवळजवळ जाऊच देत नाही. त्यामुळे मोठा रेडिएटर बसविला म्हणजे गाडी ‘थंड चालेल’, ही समजूत निराधार आहे. मोठ्या रेडिएटरने मिळते ती केवळ राखीव क्षमता. मूळ स्थितीतील गाडीसाठी कंपनीने ती राखीव क्षमता आधीच ठेवलेली असते, वातानुकूलन यंत्रणा, भरलेली गाडी आणि चढण यांचा विचार करून. आठ वर्षे नीट चाललेली गाडी नवव्या वर्षी तापू लागली, तर तिचा रेडिएटर लहान झालेला नाही. काहीतरी बिघडलेले आहे.

म्हणून रेडिएटर काढण्यापूर्वी बाकीच्या संशयितांची झडती घ्यावी. पंखा वेळेवर सुरू होतो का? त्याचा रिले, फ्यूज व तापमानाचा सेन्सर ठीक आहेत का? थर्मोस्टॅट अडकलेला नाही ना? पाण्याचा पंप गळत नाही ना? कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ व किडे यांची गादी जमलेली असते. ती तेवढी साफ करताच कित्येक गाड्या पूर्ववत होतात. सर्वांत दुर्लक्षित असते ते झाकण. झाकणाची स्प्रिंग यंत्रणेत दाब टिकवून धरते आणि दाबामुळे उत्कलनबिंदू वाढतो. एरवी १०० अंशांवर उकळणारे पाणी सुमारे १ बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग सैल झाली की ही सवलत संपते. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्यावा. अर्थात, गाडी गरम असताना झाकणाला हातही लावू नये. उकळते कूलंट चेहऱ्यावर उसळून गंभीर भाजू शकते.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, धुराड्यातून पांढरा धूर निघत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर दोष बहुधा हेड गॅस्केटचा असतो. अशा वेळी कुठलाही रेडिएटर उपयोगाचा नाही.

आता संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. प्लॅस्टिकची टाकी हा मूळ रेडिएटरचा निःसंशय दुबळा भाग आहे. वर्षानुवर्षे तापून-निवून ती ठिसूळ होते, नळीच्या तोंडापाशी केसासारखी चीर जाते किंवा गॅस्केट कडक होऊन सांध्यातून झिरपू लागते. धोक्याची बाब अशी की चीर अनेकदा पूर्ण दाबाखालीच उघडते. घरी उभ्या गाडीत थेंबही दिसत नाही. कूलंट फार उतरले, तर सेन्सर द्रवाऐवजी हवेत राहतो आणि काटा साळसूदपणे खाली दिसतो. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, केवळ इशाऱ्याचा दिवा. त्या काही मिनिटांत अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकू शकते. वेल्ड केलेल्या धातूच्या टाकीला ठिसूळपणाची ही व्याधी नाही.

मात्र तिच्या व्याधी वेगळ्या. प्लॅस्टिकची टाकी आणि रबरी गॅस्केट थोडी लवचीक असतात. गाभ्याचे प्रसरण-आकुंचन ती सामावून घेतात. पूर्ण वेल्ड केलेल्या ताठ रेडिएटरमध्ये तो ताण नळ्यांच्या मुळाशी साठतो. रबरी बुशांशिवाय तो थेट चौकटीला आवळला, तर आपल्या रस्त्यांवरील हादरे उरलेले काम करतात. उत्तम कारागिराने टिग वेल्डिंग केलेला रेडिएटर दीर्घकाळ टिकतो, यात शंका नाही. पण चकचकीत दिसणारा प्रत्येक रेडिएटर उत्तम असतोच असे नाही. काही स्वस्त मालात नळ्यांचे सांधे इपॉक्सीने भरलेले असतात, तर काहींत जाड नळ्या आणि विरळ चुण्या देऊन ‘मजबुती’ दाखविली जाते.

त्याहून मोठी अडचण बसण्याची. मूळ रेडिएटरवर पंख्याचे आवरण, कंडेन्सरच्या खुंट्या, ओव्हरफ्लो नळी, सेन्सरची जागा हे सारे मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेले असते. आवरण नीट न बसल्यास पंखा गाभ्याऐवजी आजूबाजूची हवा ओढतो. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा भाग रेडिएटरच्या टाकीतच असतो; बाहेरून बनवून घेतलेल्या रेडिएटरमध्ये तो नसेल, तर वेगळी व्यवस्था करावी लागते. गाडी वॉरंटीत असेल, तर असा बदल पुढे इंजिनच्या तक्रारीत वादाचे कारण ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग हा रेडिएटर कोणासाठी? ज्यांनी इंजिनची ताकद वाढविली आहे, जे डोंगरात किंवा वाळूत मंद गतीने, जड भाराने जीप चालवितात, जे शर्यतीत उतरतात, त्यांच्यासाठी. तसेच ज्या जुन्या गाडीचा मूळ सुटा भाग आता मिळतच नाही, तिच्यासाठीही. येथे खर्च सार्थकी लागतो, मात्र सोबत योग्य पंखा आणि आवरणही हवेच. नोकरी-शाळा-भाजी या चक्रात धावणाऱ्या आणि वर्षातून दोनदा कोकणात जाणाऱ्या हॅचबॅकला त्याची गरज नाही. तिच्यासाठी मूळ धाटणीचा रेडिएटर हाच योग्य पर्याय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूळ धाटणीतही निवड असतेच. मोटार कंपन्या सहसा रेडिएटर स्वतः बनवीत नाहीत. बडोद्याची बँको प्रॉडक्ट्स किंवा टाटा ऑटोकॉम्प यांसारखे उत्पादक ते पुरवितात. नाना पेठेतल्या किंवा कुर्ल्यातल्या सुट्या भागांच्या दुकानात अशा पुरवठादाराच्या स्वतःच्या वेष्टनातला रेडिएटर मिळाला, तर तो शोरूमपेक्षा स्वस्त आणि दर्जाने तुल्यबळ असू शकतो. भीती आहे ती निनावी आणि नकली मालाची. जुना रेडिएटर सोबत न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. गाभ्याची जाडी, एका इंचात येणाऱ्या चुण्या, वजन, टाकीची कड किती समान दुमडली आहे, हे डोळ्यांनीही कळते. वजनात लक्षणीय हलका असेल, तर कुठेतरी धातू वाचविलेला आहे. पक्के बिल घ्यावे. गाभा चांगला असून केवळ टाकी फुटली असेल, तर नुसती टाकी व गॅस्केट बदलून देणारे कारागीर आजही आहेत. काम झाल्यावर पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन चाचणी झाल्याशिवाय मात्र तो गाडीत चढवू देऊ नये.

रेडिएटर कोणताही घ्या, त्याचे आयुष्य ठरते ते आत काय ओतले यावर. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे खरोखरच नाही. प्रश्न आहे तो गंजण्याचा. बोअरच्या जड पाण्यातील क्षार नळ्यांत थर धरतात आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रे पाडतात. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा महागडा रेडिएटर याला अपवाद नाही, उलट त्याच्या टाक्याही या हल्ल्याच्या टप्प्यात येतात. भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा जपानी मानक के २२३४ यांना उतरणारे, गाडीच्या पुस्तिकेत सुचविलेल्या प्रकारचे कूलंट वापरावे आणि पातळ करायचे झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. हिरवा, लाल, निळा हे रंग दर्जाची खूण नव्हेत. निरनिराळ्या प्रकारांची भेसळ टाळावी. गळती थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ट्रकचालकांचा जुना तोडगा रस्त्यात अडकल्यावर गॅरेजपर्यंत पोहोचवितो खरा, पण तीच हळद पुढे हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते.

नवा रेडिएटर बसल्यावर यंत्रणेतील हवा काढून टाकणे हे शेवटचे काम, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. कूलंट हळूहळू भरून, इंजिन चालू ठेवून, पंखा दोनदा तरी लागून बंद होईपर्यंत गाडी गॅरेजमधून हलवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पुन्हा तपासावी. अडकलेली हवा रात्रीतून बाहेर पडल्याने ती बहुधा थोडी उतरलेली असते, तेवढी भरून घ्यावी. आठवडाभराने पुन्हा उतरली, तर गळती अजून शिल्लक आहे.