बटणासारखी पेशी

पहिल्यांदा मला ती दिसलीच नाही. "उजवीकडे खाली, शर्टाच्या बटणासारखं काही दिसतंय का?" असं विचारून संशोधक विद्यार्थिनी बाजूला सरकली. मी फोकसचं चाक केसभर फिरवलं आणि भ्रूणाच्या दाणेदार गर्दीतून एक चकती वर आली. गोल, गुळगुळीत, चकाकणारी. "हीच. मरतेय."

प्रयोगशाळा पुण्यातली आणि प्राणी सी. एलेगन्स नावाचा कृमी. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. तिने प्लॅटिनमच्या तारेने दोन कृमी उचलले, थेंबभर द्रावणात चिरले, आतली अंडी अगारच्या पातळ थरावर ठेवली, वर कव्हरस्लिप ठेवून कडांना व्हॅसलीन लावलं. व्हॅसलीन कमी पडलं की थर सुकतो. माझ्या पहिल्या स्लाइडचं तेच झालं आणि सकाळ फुकट गेली.

तासाभरात ते बटण दिसेनासं झालं. शेजारच्या पेशीने गिळलं होतं. ना सूज, ना पसारा. जखमेत पेशी मरते तेव्हा ती फुटते, आतला माल बाहेर सांडतो. इथे सगळं आवरूनसावरून.

हे असं बघत बसण्याचा धडा केंब्रिजच्या जॉन सल्स्टन यांनी घालून दिला. सिडनी ब्रेनर यांनी हा कृमी संशोधनासाठी निवडला होता. सल्स्टन यांनी त्याच्या भ्रूणातल्या एकेका पेशीचा माग काढला. रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, जवळजवळ दीड वर्ष. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात. १९८३ साली प्रसिद्ध झाला तो एका अंड्याचा कुलवृत्तांत. त्यातले आकडे मला अजून चक्रावून टाकतात. उभयलिंगी कृमीच्या शरीरात १,०९० पेशी तयार होतात, १३१ मरतात, ९५९ उरतात. दर कृमीत मरणाऱ्या त्याच, आणि वेळही ठरलेली. दोन तास बसून माझी मान अवघडली होती, म्हणून सल्स्टन यांची ती दीड वर्षं मला त्यांना पुढे मिळालेल्या नोबेलपेक्षा मोठी वाटतात.

हे मरण घडवतं कोण, हे शोधताना अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ आणि हिलरी एलिस यांनी झकास युक्ती केली. काही कृमींत मेलेल्या पेशी गिळल्याच जात नाहीत, त्यामुळे बटणं तशीच पडून राहतात आणि मोजता येतात. अशा कृमींत बदल घडवून ज्यात बटणंच नाहीत असा एक त्यांनी हुडकला. त्यातून सेड-३ हे जनुक १९८६ साली पुढे आलं. ते बिघडलं की मरायच्या पेशी जगतात. पुढे सेड-९ सापडलं, ते मरणाला लगाम घालणारं. २००२ साली ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना नोबेल मिळालं. सेड-९चा माणसातला भाऊबंद बीसीएल-२. काही रक्ताच्या कर्करोगांत तो लगाम सुटतच नाही. त्यावरच घाव घालणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं.

निघताना तिने सेड-३ बिघडलेल्या कृमींची प्लेट दाखवली. मरणं चुकलेल्या जादा पेशी अंगात घेऊन ते कृमी खात होते, अंडी घालत होते, सरपटत होते. शेजारच्या प्लेटमधल्या धडधाकट कृमींपासून मला त्यांना वेगळं ओळखता आलं नाही.