जननिक संलग्नता, माशांमधील

एकाच जातीच्या, परंतु निरनिराळ्या ठिकाणी राहणाऱ्या मत्स्यसमष्टींमध्ये (आपापसांत प्रजनन करणाऱ्या माशांच्या समूहांमध्ये) पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या जीनांच्या देवाणघेवाणीस जननिक संलग्नता आणि तीत खंड पाडणाऱ्या घटकांस प्रसाररोध म्हणतात. प्रवाळभित्तींवरील बहुतेक माशांचे डिंभ सागरी प्रवाहांबरोबर दूरवर जातात. खोल समुद्र किंवा मोठ्या नदीच्या मुखाजवळील गोडे पाणी त्यांना रोध ठरू शकते. नदीतील माशांना मात्र पात्राखेरीज दुसरा मार्ग नसल्याने एकाच बांधामुळे समष्टीचे दोन भाग होऊ शकतात.

खानदेशातून वाहणारी तापी हे याचे चांगले उदाहरण होय. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किमी. वाहणाऱ्या या नदीचे खोरे सातपुड्यामुळे नर्मदेपासून व सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांमुळे गोदावरीपासून वेगळे झाले आहे. पांझरा, बोरी यांसारख्या उपनद्यांत उन्हाळ्यात पाणी ठिकठिकाणच्या डोहांपुरते उरते व मासे तेथे अडकतात. पावसाळ्यात डोह पुन्हा सांधले जातात. धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचे जुने बंधारे ठेंगणे असून मोठ्या पुरात पाण्याखाली जातात. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरण (१९८२), धुळे जिल्ह्यातील सुलवाडे बंधारा आणि गुजरातेतील उकाई धरण (१९७२) हे रोध मात्र वेगळ्या स्वरूपाचे आहेत. हतनूरच्या ४१ दरवाजांतून मासे खाली वाहून जाऊ शकतात, परंतु वेगवान धारेविरुद्ध वर चढणे त्यांना अवघड असते. त्यामुळे जीनांचा प्रवाह एकाच दिशेने होतो. समुद्रातून अंडी घालण्यास नदीत चढणाऱ्या पाला (हिलसा) माशाचा मार्ग तर खालच्या तापीवरील काकरापार व उकाई येथेच खुंटतो.

अलग पडलेली समष्टी लहान असल्यास केवळ योगायोगाने काही जीनरूपे नाहीशी होतात (जननिक विचलन), अंतःप्रजनन वाढते आणि रोग वा दुष्काळ यांना तोंड देण्याची क्षमता घटते. स्यूअल राइट यांच्या सिद्धांतानुसार, दर पिढीस प्रजननक्षम असा एखादा स्थलांतरितही समष्टींमधील मोठी तफावत टाळण्यास साधारणपणे पुरेसा असतो. म्हणून थोड्या माशांना मिळालेली वाटही महत्त्वाची ठरते. संलग्नतेचे मापन कलकणूंतील (मायटोकाँड्रियांतील) डीएनए व सूक्ष्म-उपग्रही डीएनए यांच्या तुलनेने करतात. धरणांना थोडीच दशके झालेली असल्याने असा भेद अद्याप न आढळणे हा समष्टी जोडलेल्या असल्याचा पुरावा नव्हे.

जलाशयांत मत्स्यबीज सोडणे हा मानवी प्रसार होय. कटला, रोहू व मृगळ या मूळच्या गंगा खोऱ्यातील जाती अशा प्रकारे दक्षिणेकडील जलाशयांत पोहोचल्या. महसीरसारख्या स्थानिक माशांचे बीज परक्या खोऱ्यातून अथवा मोजक्याच जनकांपासून घेतल्यास मासळीची संख्या वाढूनही जननिक विविधता घटू शकते. यास्तव बीजासाठी त्याच खोऱ्यातील पुष्कळ जनक वापरणे आणि पावसाळ्यातील स्थलांतराच्या वेळी मत्स्यसोपानाद्वारे वाट मोकळी ठेवणे, हे दोन्ही उपाय आवश्यक ठरतात.